विद्युत गिटारीच्या धडाचे पुनर्रंगकाम

गोमंतकात गिटार हे वाद्य परके राहिलेले नाही. घरगुती संगीतशिक्षण, लग्नाच्या मेजवान्या, फेस्ते आणि तियात्राचा वाद्यवृंद यांतून ते पिढ्यान्पिढ्या ऐकू येत आले आहे. विद्युत गिटारीचा प्रसार झाल्यावर किनाऱ्यावरील हॉटेलांत सायंकाळी वादन करून चरितार्थ चालविणारा एक वर्गही येथे तयार झाला. अशा वादकाजवळ बहुधा एकच चांगले वाद्य असते. खारी हवा, घाम आणि रोजची ने-आण यांमुळे त्याच्या रंगाचे टवके उडू लागतात, कडेचे लाकूड उघडे पडते आणि उघड्या लाकडात ओल शिरू लागते. मग एखाद्या रविवारी वादक स्वतःच पॉलिश पेपर घेऊन बसतो. दोन दिवसांत आटोपेल असे वाटलेले हे काम दोन महिने रेंगाळते, आणि पुष्कळदा वाद्य पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागते. याचे कारण रंगात क्वचितच असते. ते रंगापूर्वीच्या तयारीत आणि रंगानंतरच्या घाईत असते. त्या तयारीचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने केला आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. विद्युत गिटारीचे धड भरीव लाकडाचे असते. साध्या गिटारीच्या पातळ पोकळ पेटीप्रमाणे ते आवाज वाढवीत नाही. तारेचे कंपन चुंबकीय पिकअप टिपतो आणि पुढील काम ॲम्प्लिफायर करतो. त्यामुळे रंग बदलल्याने आवाज सुधारेल ही आशा बाळगू नये, आणि बिघडेल ही भीतीही बाळगण्याचे कारण नाही. पुनर्रंगकाम करावयाचे ते लाकडाच्या रक्षणासाठी आणि रूपासाठी. साध्या गिटारीची गोष्ट निराळी आहे. तिच्या वरच्या फळीवर जाड रंग चढविल्यास आवाज खरोखर दबतो, म्हणून पुढील मजकूर तिला लागू करू नये.

मोटारीचा रंग वाद्यावर

विद्युत गिटारीवर जे रंग दिसतात त्यांचा उगम मोटारउद्योगात आहे. १९२० पर्यंत मोटारीच्या सांगाड्यावर तेलवार्निशाचे हात देऊन ते वाळविण्यास कित्येक आठवडे लागत. त्या दशकात अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून केलेले ‘ड्युको’ हे लॅकर बाजारात आणले आणि तेच काम काही दिवसांवर आले. आपल्याकडील रंगारी आजही फवाऱ्याच्या रंगकामास ‘ड्युको मारणे’ म्हणतात, तो शब्द तेथून आला. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात १९५१ साली टेलिकास्टर या नावाने आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर या नावाने ज्या गिटारी विक्रीस आल्या, त्यांना हेच मोटारीचे रंग लावले जाऊ लागले. ‘फिएस्टा रेड’ हा प्रसिद्ध तांबडा रंग मूळचा फोर्ड कंपनीच्या थंडरबर्ड मोटारीचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरचे जाड, काचेसारखे थर कारखान्यांत रूढ झाले, आणि आज स्वस्त व मध्यम किमतीच्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन असते.

या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ असा की, म्हापशाच्या किंवा मडगावच्या गॅरेजमधील रंगाऱ्यास या कामाचा अर्धा भाग अवगतच आहे. त्यास अवगत नसतो तो दुसरा अर्धा, म्हणजे लाकूड. पत्रा ओल शोषीत नाही, फुगत नाही आणि त्यास रेषा नसते. लाकडाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

रंगवावे की न रंगवावे

काम हाती घेण्यापूर्वी वाद्य किती जुने आहे ते पाहावे. परदेशी बनावटीची जुनी गिटार घरात असल्यास, आणि तिच्यावरील रंग मूळचा असल्यास, तो कितीही झिजलेला असला तरी त्यास हात लावू नये. अशा वाद्यांच्या किमतीचा फार मोठा भाग त्या मूळ रंगात असतो. नवा चकचकीत रंग दिल्याने किंमत वाढत नाही, उलट निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. आजोबांनी जहाजावर नोकरी करीत असताना आणलेल्या गिटारी गोव्यातील कित्येक घरांतून आहेत. त्यांपैकी एखादी पॉलिश पेपरखाली जाण्यापूर्वी जाणकारास दाखविणे शहाणपणाचे ठरेल. एकदा घासलेला रंग परत येत नाही.

वाद्य साधे असेल तर दुसरा प्रश्न असा की जुना रंग पूर्णपणे काढावयाचा की नाही. नवशिक्याची समजूत अशी असते की लाकडापर्यंत गेल्याशिवाय काम पक्के होत नाही. वस्तुतः जुना थर लाकडास घट्ट धरून असेल तर त्याच्यासारखे अस्तर नाही. पॉलिएस्टरचा थर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असू शकतो. तो घासून काढू लागल्यास हात दुखतात, कडा गोल होतात आणि सपाट पृष्ठभागावर खळगे पडतात. तेव्हा टवके उडालेल्या जागा भरून, सगळा पृष्ठभाग ३२० आणि मग ४०० क्रमांकाच्या कागदाने मंद होईपर्यंत घासून त्यावरच नवा रंग द्यावा. जुना थर पोपड्यांनी सुटत असेल, त्यात भेगा गेल्या असतील किंवा लाकडाची रेषा दाखवावयाची असेल, तरच तो काढावा.

जुना थर कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. समोरची प्लॅस्टिकची पट्टी काढल्यावर तिच्याखाली झाकलेला भाग उघडा होतो. तेथे कापसाचा लहान बोळा स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट दाबून धरावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख आहे. स्पिरिटने काही झाले नाही पण लॅकर थिनरने तो मऊ पडला, तर ते बहुधा नायट्रोसेल्युलोज होय. दोहोंनीही काही झाले नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन समजावे. थिनरचा थेंब प्लॅस्टिकच्या भागांवर पडू देऊ नये, कारण ते विरघळतात.

पॉलिएस्टर काढणे भागच असेल तर उष्ण हवेच्या यंत्राने तो तापवून बोथट पात्याने उचलावा. उष्णता एका जागी थांबू देऊ नये. स्वस्त गिटारींची धडे पुष्कळदा प्लायवुडची असतात, आणि अधिक तापविल्यास प्लायवुडच्या पापुद्र्यांमधील सरस सुटतो. रंग काढण्याची जी तीव्र रसायने मिळतात त्यांपैकी मिथिलीन क्लोराइड असलेली रसायने घरात आणू नयेत. त्यांची वाफ शरीरात गेल्यावर तिचे काही अंशी कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते, आणि बंद खोलीत काम करणाऱ्यांचे प्राण त्यामुळे गेलेले आहेत. अमेरिकेत अशा रंगनाशकांची सामान्य ग्राहकास होणारी विक्री २०१९ साली बंद करण्यात आली.

सुटे भाग

तारा एकदम कापू नयेत. खुंट्या ढिल्या करून ताण हळूहळू उतरवावा आणि मग तारा काढाव्यात. दांडी चार स्क्रूंनी बसविलेली असल्यास ती सुटी करावी. सरसाने चिकटविलेली असल्यास तिला धडासह ठेवून कागदाने झाकणे हाच मार्ग. दांडीच्या खाचेत कागदाचा किंवा पत्र्याचा लहान तुकडा आढळल्यास तो कचरा समजून टाकू नये. तारांची उंची साधण्यासाठी कोणीतरी तो मुद्दाम घातलेला असतो. विजेच्या तारा सोडविण्यापूर्वी जोडणीचे छायाचित्र घ्यावे. स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. जाड पुठ्ठ्यावर गिटारीची बाह्यरेषा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवल्यास पुढे घोटाळा होत नाही. एक तार ब्रिजच्या धातूला जोडलेली असते. ती पुन्हा न जोडल्यास सगळे काम नीट होऊनही गिटार गुणगुणत राहते, आणि दोष रंगावर ठेवला जातो. वादकाने ही तार कागदावर लाल शाईने नोंदवून ठेवावी.

लाकडाची तयारी

उघड्या लाकडात जेथे केवळ दाब बसून पोचा आला असेल, तेथे तो भरण्यापूर्वी उचलून पाहावा. ओल्या सुती कापडाची घडी पोच्यावर ठेवून तीवर गरम इस्त्रीचे टोक काही क्षण टेकवावे. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. दोन-तीन वेळा केल्यावर पुष्कळसे पोचे नाहीसे होतात. तंतू तुटून खड्डा पडला असेल तेथे मात्र वाफ चालत नाही, तो भरावाच लागतो.

भरण्यासाठी घरच्या खिडक्यांना लावतात ती खडू-अळशीच्या तेलाची लांबी वापरू नये. ती आतून महिनोन्महिने मऊ राहते आणि वरचा लॅकरचा थर तेथे फाटतो. मोटारगॅरेजमध्ये मिळणारी दोन भागांची पॉलिएस्टर लांबी किंवा इपॉक्सी योग्य. खळगा थोडा उंच भरून पूर्ण कडक झाल्यावरच घासावा. लाकडाची रेषा दाखवावयाची असेल तर कोणतीही लांबी दिसणारच, हे आधीच मान्य करावे आणि मग अपारदर्शक रंगाचा विचार करावा.

घासण्याचे काम कंटाळवाणे खरे, पण शेवटी डोळ्यांना दिसतो तो याच कामाचा परिणाम. १२० क्रमांकाच्या कागदापासून आरंभ करून १८० आणि २२० पर्यंत यावे. मधला क्रमांक गाळू नये. १२० चे ओरखडे २२० ने निघत नाहीत, ते फक्त झाकले जातात आणि रंग चढल्यावर उठून दिसतात. कागद हाताच्या बोटांवर न धरता लाकडी ठोकळ्यावर गुंडाळावा आणि रेषेच्या दिशेनेच चालवावा. वळणांसाठी कागद रबराच्या तुकड्यावर धरावा. सुतार करतात ती एक युक्ती येथे उपयोगी पडते. सगळ्या पृष्ठभागावर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा माराव्यात आणि त्या नाहीशा होईतो घासावे. जेथे रेघ उरते तेथे खळगा आहे हे लगेच कळते. नंतर धड खिडकीशी आडवे धरून तिरप्या प्रकाशात पाहावे. समोरून न दिसणारे ओरखडे तिरप्या प्रकाशात स्पष्ट दिसतात.

दांडीची खाच मात्र घासू नये. तेथील माप अर्ध्या मिलिमीटरने बदलले तरी दांडी हलते आणि सूर राहत नाही. कामाच्या आरंभीच ती चिकटपट्टीने झाकावी.

जुना रंग घासताना आणखी एक काळजी घ्यावयास हवी. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी कोणीतरी डब्यातील पिवळा किंवा लाल रंग गिटारीस फासला असल्यास त्यात शिसे असण्याचा संभव आहे. असा रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओला घासावा, चांगला धूलिरोधक मुखवटा लावावा आणि लहान मुले असलेल्या खोलीत हे काम करूच नये.

लाकूड सच्छिद्र असेल, जसे ॲश, महोगनी किंवा आपले सागवान, तर त्याची छिद्रे भरणीने भरून ती रेषेला आडवी पुसावी लागते. अन्यथा रंग कितीही दिला तरी पृष्ठभागावर बारीक टोचे दिसत राहतात. आल्डर व मेपल यांना ही गरज नाही. सागवानात नैसर्गिक तेल असते, ते काही लॅकरांना नीट वाळू देत नाही. म्हणून सागवानाचे धड थिनरच्या फडक्याने पुसून लगेच त्यावर लाखेचा हात द्यावा. धडाच्या ज्या बाजूंस लाकडाची आडवी टोके येतात तेथे रंग अधिक शोषला जातो. तेथे लाखेचे दोन हात अधिक द्यावेत.

लाखेचे स्थान

लाख हे या कामातील सर्वांत जुने आणि घरी वापरावयास सर्वांत निर्धोक द्रव्य होय. तिचे उत्पादन आजच्या झारखंड, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाच्या जंगलपट्ट्यात मोठ्या प्रमाणावर होते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधन संस्था सुरू झाली. युरोपातील कित्येक वाद्यकारांनी फ्रेंच पॉलिशसाठी जी लाख वापरली ती बहुतांशी भारतातून गेलेली. आपल्याकडील वादक परदेशी लॅकरच्या डब्यासाठी धडपडतो आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअर दुकानातील चपडा लाखेकडे पाहत नाही, हे थोडे नवलच.

अस्तरासाठी एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२० ग्रॅम चपडा लाख काचेच्या बरणीत रात्रभर भिजवावी. लाखेत थोडे मेण असते, ते तळाशी बसते. वरचा निवळ भाग ओतून घेतल्यास पुढील थर अधिक चांगले धरतात. स्पिरिट विषारी असते, आणि सुट्या विक्रीत त्यात पाणी मिसळलेलेही आढळते. पाण्याने लाख पांढुरकी पडते, म्हणून काचेवर थेंब वाळवून पाहावा. बरणीवर तारीख लिहावी. सहा महिन्यांहून जुने द्रावण वाळण्यास आळशी होते.

ज्याच्याजवळ फवाऱ्याची सोय नाही त्याने संपूर्ण काम लाखेतच करावयास हरकत नाही. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून, त्यास थेंबभर तेल लावून, वर्तुळाकार फिरवीत वीस-तीस पातळ हात द्यावेत. सुताराच्या दुकानातील जुना पॉलिशवाला हे काम पाहता पाहता शिकवू शकतो. अशा झिलईची मर्यादा एवढीच की ती घामाने मंद पडते आणि मद्याचा थेंब पडल्यास तेथे डाग राहतो. हॉटेलात वाजविणाऱ्याच्या गिटारीसाठी ही मर्यादा लहान नव्हे.

हवामान आणि वेळ

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळ्यात वादक मोकळा असतो, म्हणून तो हे काम नेमके तेव्हाच काढतो, आणि फसतो. लॅकरमधील द्रावक वेगाने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दव धरते, आणि रंगात दुधाळ ढग उतरतो. रंगारी यास ‘रंग फुटला’ किंवा ‘धुरकट आला’ असे म्हणतात. लॅकर ताजे असेल आणि हवा कोरडी झाली असेल तर वरून थिनरचा हलका फवारा देऊन हा ढग कधी कधी घालविता येतो. सावकाश उडणारा थिनर मिसळल्यास तो मुळातच कमी येतो. परंतु भर आषाढात या युक्त्या टिकत नाहीत.

दुसरीकडे, पर्यटनाचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. हवा तेव्हाच उत्तम, पण गिटार तेव्हा रोज लागते. यातून वाट अशी काढता येते. मार्चअखेर मोसम ओसरल्यावर वाद्य उघडावे. घासणे, भरणे, अस्तर ही कामे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावीत आणि रंग व वरचा पारदर्शक थर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवावा. रंग मारावयाचा तो सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. पहाटे दव असते. दुपारी उष्णता आणि समुद्रवाऱ्याची धूळ असते. फार उष्ण हवेत फवाऱ्याचे कण पृष्ठभागावर पडण्यापूर्वीच वाळतात आणि हात फिरविल्यास वाळूसारखे लागतात. जून आला की धड घरात, चुलीपासून दूर, टांगून ठेवावे आणि विसरून जावे. शेवटचे घासणे पाण्यानेच करावयाचे असते, त्यास पाऊस आड येत नाही. चतुर्थीच्या सुमारास झिलई करून ऑक्टोबरात वाद्य जोडता येते. एप्रिल-मेच्या लग्नसराईत वाजविणाऱ्यास ही सोय नाही. त्याने उसनी गिटार मिळवावी किंवा काम पुढे ढकलावे. दोन समारंभांच्या मधल्या आठवड्यात रंग उरकण्याचा मोह मात्र टाळावा.

रंग देणे

दांडीच्या खाचेत, स्क्रूंच्या त्याच भोकांतून, हातभर लांबीची लाकडी पट्टी बसवावी. ती मूठ म्हणूनही उपयोगी पडते आणि धड टांगण्यासही. धूळ ओल्या नव्हे, तर किंचित चिकट कापडाने पुसावी.

फवाऱ्याच्या डबीने रंग देताना डबी कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. विस्तवावर किंवा उकळत्या पाण्यात ती कधीही ठेवू नये, स्फोट होतो. आधी पुठ्ठ्यावर सराव करावा. डबी पृष्ठभागापासून २० ते २५ सेंटिमीटरवर धरून, फवारा धडाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, आणि प्रत्येक पट्टा मागील पट्ट्यावर निम्मा चढवावा. आधी कडा, मग सपाट भाग. पहिल्या हातात रंग विरळ दिसला तरी चालेल. तो एकदम झाकण्याच्या हट्टाने जाड फवारा दिल्यास कडेवरून ओघळ येतात. ओघळ आल्यास बोटाने पुसू नये, पूर्ण वाळू देऊन ठोकळ्याने घासावा. दिवसाला तीन पातळ हात पुरेत.

रंगांच्या जाती एकमेकींवर चढविताना फार जपावे. डब्यातील सिंथेटिक इनॅमलवर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारल्यास खालचा रंग सुरकुतून उचलला जातो. दोन निरनिराळ्या डब्यांविषयी शंका असल्यास, अस्तर लावलेल्या टाकाऊ फळीवर दोन्ही देऊन आठवडाभर थांबावे. या फळीस खर्च काहीच नाही, आणि ती संपूर्ण काम वाचविते.

मोटारीसाठी वापरला जाणारा दोन भागांचा पॉलियुरेथेन थर सर्वांत टणक, घामास आणि मद्यास न जुमानणारा. परंतु त्याच्या कडक करणाऱ्या भागात आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा कापडी मुखवटा त्यास काहीही अडवीत नाही. हे काम घरी करू नये. धड घरी घासून, भरून, अस्तर देऊन तयार करावे, आणि शेवटचा थर ज्या गॅरेजमध्ये बंदिस्त खोली व शुद्ध हवेचा मुखवटा वापरात आहे तेथून मारून आणावा. रोज वाजविणाऱ्या वादकासाठी हीच वाटणी सर्वांत उचित होय. नेताना रंगाऱ्यास एवढेच सांगावे की हे लाकूड आहे, यास भट्टीत तापवू नये.

थिनरने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. नायट्रोसेल्युलोजची कोरडी भुकटी झटकन पेट घेते, आणि अळशीच्या तेलाची फडकी तर ठिणगीवाचूनही आपोआप पेटतात. ती पाण्यात बुडवून मग उघड्यावर पसरून वाळवावीत. उरलेला थिनर परसात ओतू नये. गोव्यात अजून कित्येक घरांची विहीर परसातच असते.

झिलई आणि जोडणी

नायट्रोसेल्युलोज लॅकर काही मिनिटांत हातास सुके लागते, पण आतील द्रावक निघून जाण्यास तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर थर आकसत राहतो. नाक जवळ नेऊन पाहावे. थिनरचा वास येत असेल तर काम तयार नाही. घाईने घासून चकचकीत केलेल्या थरावर महिन्याभरात लाकडाची छिद्रे पुन्हा उमटतात.

पुढे १००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, साबणाचे थेंब घातलेल्या पाण्यात, ठोकळ्यावर धरून घासावे. मग १५०० आणि २०००. कडांवर थर सर्वांत पातळ असतो, तेथे कागद जवळजवळ नेऊच नये. स्क्रूंच्या भोकांत पाणी शिरू देऊ नये. तेथील लाकूड फुगते आणि भोकाभोवती तारेसारखी भेग उमटते. भोकांत मेणाचा कण दाबून ठेवल्यास हे टळते. शेवटी रबिंग कंपाउंड आणि मऊ सुती कापड.

जोडणीपूर्वी दांडीच्या खाचेच्या काठावर जमलेला रंग धारदार पात्याने हलकेच कापावा. दांडी ठोकून बसवू नये, नव्या रंगाचा टवका पहिल्याच ठोक्यात उडतो. स्क्रूंच्या भोकांची तोंडे किंचित रुंद करून स्क्रूला साबण लावावा. ब्रिजची ती तार आठवणीने जोडावी, तारा चढवाव्यात आणि दोन दिवसांनी पुन्हा सूर लावावेत. नायट्रोसेल्युलोजवर रबर व व्हिनाइल यांची क्रिया होऊन डाग पडतात आणि थर मऊ होतो. तेव्हा गिटार रबराच्या टेकूवर ठेवावयाची असल्यास टेकूला सुती कापड गुंडाळावे, आणि खांद्यावरचा प्लॅस्टिकचा पट्टा वाद्यावर तसाच लपेटून पेटीत घालू नये.